पश्चिमेकडची मुळं

मामांनी काठीच्या टोकानं माझी फक्कीची रेघ पुसून टाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, शांतपणे, सांडलेलं पीठ एका बाजूला सारावं तशी.

"अहो मामा, काय करताय? सकाळपासून मापं घेऊन आखलीय ती."

"म्हणूनच पुसली. झाडापासनं पाच फुटांवर नाली खांदणार तू?"

"दुसरीकडं जागाच नाही. रस्त्याखालून पिण्याच्या पाण्याची लाइन गेलीय. बाजाराच्या मैदानातून न्यावी तर उतार उलटा आहे."

मामा उन्हातून सावलीत आले, काठी खाली ठेवली आणि बुंध्याला पाठ लावून बसले. तालुक्याच्या गावातलं ते सगळ्यात जुनं कडुनिंब होतं. विश्रामगृहाच्या फाटकाबाहेर, पश्चिमेला रस्ता आणि पूर्वेला मंगळवारच्या बाजाराचं मैदान. बुंधा तिघांनी हात धरले तरी कवेत यायचा नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, रंगनाथ फुलारी. विश्रामगृहाच्या बागेत एकतीस वर्षं माळी होते. त्यांचा एकुलता एक मुलगा अविनाश माझा नवरा. तो इथल्या नगरपालिकेत अभियंता होता. दीड वर्षापूर्वी, पाणीपुरवठ्याच्या कामावरून परत येताना जीप उलटली आणि तो गेला. माझा स्थापत्यचा डिप्लोमा लग्नाआधीच झालेला होता, त्यामुळं अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी मला घेतलं. त्याच खोलीत, त्याच टेबलावर. मोजमापाच्या वहीत निम्म्या पानांवर त्याचं अक्षर होतं आणि पुढच्या पानांवर माझं. आम्हाला मूल नव्हतं. सासूबाई त्याच्या आधीच गेलेल्या. घरात मी आणि मामा, दोघंच. दिवसभरात आमच्यात चारसहा वाक्यं व्हायची. चहा झालाय, जेवायला वाढलंय, लाइट गेलीय, येते मी.

म्हणून त्या दिवशी मामा इतकं बोलले याचंच मला नवल वाटलं.

"ह्या पानांची सावली जिथवर पडती ना, तिथवर मुळं असत्यात. त्याच्याही पुढं जात्यात," ते म्हणाले. "लोकांला वाटतं, झाड जेवढं वर तेवढं खाली. तसं न्हाई. मुळं खोल कमी आन् लांब जास्त. वरच्या दोनतीन फुटांतच सगळा कारभार. तुझा पाइप किती खोल जाणार?"

"साडेचार फूट."

"मग झालं की! मुळं वर राहू दे. पाइप खालनं घाल."

"खालून कसा घालायचा? खोदायला तर वरूनच लागणार."

"हातानं. एकेक मूळ उघडं करायचं, त्याच्याखालची माती काढायची. मूळ चरावर आडवं राहतंय, घराच्या तुळईसारखं. आंगठ्यापेक्षा बारीक असंल ते करवतीनं साफ कापायचं, हिसडायचं न्हाई. जाड असंल त्याला हात लावायचा न्हाई. उघडं पडलं की वर ओलं गोणपाट. आन् बुजवताना मुरूम न्हाई टाकायचा, तीच माती परत."

मी वहीत लिहून घेत होते. पॉलिटेक्निकमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं.

"हे झाड तुम्ही लावलंय का, मामा?"

"छ्या! मी आलो तवा हे असंच होतं," ते म्हणाले. "माझं काय हाय त्याच्यात?"

*

माझं ते पहिलंच स्वतंत्र काम होतं. खालच्या गल्लीत दर पावसाळ्यात गटाराचं पाणी घुसायचं. मागच्या वर्षी एक बाळंतीण दोन दिवस खाटेवर बसून होती, लेकरू मांडीवर आणि खाली काळं पाणी. त्या गल्लीच्या बायका मला रस्त्यात गाठून विचारायच्या, "बाई, यंदा तरी व्हईल ना?" मी व्हईल म्हणून सांगितलं होतं. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता.

कचेरीत माझ्या मागं मला 'अनुकंपावाल्या मॅडम' म्हणत. तोंडावर सगळे नीट बोलायचे, फार नीट. मी खोलीत गेले की बोलणं थांबायचं. डबा मी एकटीच खायची.

मी कंत्राटदार कवड्यांना सांगितलं, की बाकी नाली तुम्ही कशीही खोदा, झाडाजवळचे तीस फूट हातानं खोदायचे. कवडे हसले नाहीत, फक्त "बरं" म्हणाले. त्यांनी चार माणसं दिली. त्यांचा मुकादम हणमंतू मामांना ओळखत होता. मामा रोज सकाळी चराच्या कडेला पोतं अंथरून बसायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण हणमंतूची कुदळ मुळाला लागली की त्यांना आवाजावरून कळायचं.

"हां, हां! थांब. खुरपं घे आता."

पाच दिवसांत अठरा फूट झाले. दोन मोठी मुळं चरावर आडवी राहिली होती, गोणपाटात गुंडाळलेली. मी दुपारी जाऊन त्यांच्यावर पाणी शिंपडायची. मामा म्हणायचे, "जरा अजून. त्या टोकाला." संध्याकाळी आम्ही दोघं बरोबर घरी यायचो. त्या पाच दिवसांत घरातली वाक्यं चारसहाच्या वर गेली होती. एकदा जेवताना मामांनी अविनाशची गोष्ट काढली. लहानपणी तो या कडुनिंबावर चढला आणि त्याला उतरता येईना. "खानसाम्यानं शिडी आणली, तर म्हणतो कसा, शिडी नको, बाबांना बोलवा." एवढंच सांगितलं आणि ताटातला घास तसाच ठेवून उठले.

सहाव्या दिवशी त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती. जिल्ह्याच्या गावी शिबिर होतं. मी त्यांना एस.टी.नं घेऊन गेले. नर्सनं फॉर्म भरून घेतला.

"सोबत कोण राहणार?"

"मी. म्हणजे... मला संध्याकाळी परत जावं लागेल."

"दुसरं कोणी?"

"दुसरं कोणी नाही."

"राहतो मी," मामा म्हणाले. "तीन दिवसांचा तर प्रश्न. तू जा, मंदा. तिथं लक्ष ठेव. बारा फूट राहिलंय, त्यात एक मोठं मूळ असणार, बघ. बुंध्याचा फुगवटा त्या अंगाला हाय."

वॉर्डाच्या दारातून मी वळून पाहिलं. ते खाटेवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सरळ बसले होते, एस.टी.च्या बाकावर बसावं तसे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले, तर झाडाशेजारी पिवळं यंत्र उभं होतं. हणमंतू आणि त्याची माणसं लांब बसलेली.

"हे काय, कवडे?"

"जेसीबी मिळालाय, मॅडम. फक्त आज. उद्या तो दुसऱ्या गावाला जातो, मग महिनाभर नाही. पुढची चारशे फूट नाली आज निघते. पण मधे हे बारा फूट तुमच्या हातखोदाईचे. यंत्र पलीकडं जाणार कुठून? आणि तुमच्या हिशेबानं हे व्हायला अजून चार दिवस."

"साहेबांना विचारते."

"साहेबांनीच पाठवलंय. म्हणाले, मॅडमना विचारा, त्या म्हणतील तसं."

मुख्याधिकारी असं म्हणाले असतील की नाही, ते मला आजही माहीत नाही. रस्त्यावर दहाबारा माणसं जमली होती. खालच्या गल्लीतल्या दोन बायकाही होत्या. कवडे हलक्या आवाजात म्हणाले, "फुलारी साहेब असते तर त्यांनी काय केलं असतं, तुम्हीच सांगा. झाड बघितलं असतं की माणसं?"

अविनाशचं नाव असं कुणी घेतलं की माझं डोकं बंद पडायचं. मी म्हणाले, "सावकाश घ्या."

पहिले चार फूट नुसती माती निघाली. मग बकेट अडकली. ऑपरेटरनं खाली वाकून पाहिलं.

"ताई, मूळ आडवं आलंय. मोठं हाय. काय करू?"

मामा म्हणाले होते तिथंच, त्याच अंगाला. माणसाच्या मांडीएवढं जाड. माती झटकलेल्या जागी साल लालसर, ओलसर दिसत होती. हणमंतू उठून उभा राहिला होता. तो माझ्याकडे पाहत होता. सगळेच पाहत होते.

"घ्या," मी म्हणाले.

यंत्र थोडं मागं झालं आणि बकेट खाली आली. मूळ एकदम तुटलं नाही. ते ताणलं गेलं, बुंध्याजवळची जमीन थोडी उचलली, आणि मग आतून मोठा आवाज झाला. वरच्या फांद्यांमधून साळुंक्या उडाल्या. त्यानंतर अजून दोन निघाली, जरा बारीक. त्यांच्यासाठी विचारायला ऑपरेटर थांबला नाही.

हणमंतूनं तुटलेली टोकं करवतीनं नीट कापली. मी सांगितलं नव्हतं. मी तुकडे चराबाहेर ओढायला लागले, कारण नुसतं उभं राहणं मला जमेना. गल्लीतल्या बायकांनी ते तुकडे जळणाला नेले. संध्याकाळपर्यंत पाइप पडले, चर बुजला. यंत्र तिथंच होतं म्हणून वर मुरूमही तुडवून झाला. तो तेवढा मी थांबवायला हवा होता. मी घरी गेले. घर कुलूपबंद होतं. कुलूप काढून मी अंधार पडेपर्यंत पायरीवरच बसून राहिले.

*

मामांना आणायला मला जाता आलं नाही. दोन दिवसांनी त्या वॉर्डातल्याच एका माणसाबरोबर ते आले, तेव्हा मी नुकती कामावरून परतले होते, अंगावर साडी कालपरवाचीच. रिक्षातून मी त्यांना हात धरून उतरवलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यात धुकं. ते दारातच थांबले.

"झालं का काम?"

"झालं, मामा. नाली पुढंपर्यंत गेली."

"आन् मुळं?"

मी त्यांच्या हाताला धरलेलं होतं.

"एकही तोडलं नाही," मी म्हणाले.

मामा थोडा वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, प्रवासानं थकलेत. मग म्हणाले, "बरं झालं. हातपाय धू आन् साडी बदल आधी. मग चहा टाक."

पट्टी निघाल्यावर ते झाडाकडं गेले आणि बऱ्याच वेळानं परतले. मी स्वयंपाकघरात ऐकत उभी. त्यांनी चपला काढल्या, काठी कोपऱ्यात ठेवली. "लई सोच्छ दिसतंय आता," एवढंच म्हणाले.

त्या पावसाळ्यात खालच्या गल्लीत पाणी आलं नाही. बायकांनी घरी येऊन माझ्या हातात नारळ ठेवला. मामा बाजारात, पारावर, न्हाव्याच्या दुकानात सांगत सुटले, "आमच्या मंदानं झाडाला धक्का न लावता नाली काढली." कवडे आणि हणमंतू कुणाला काही सांगणारे नव्हते. कचेरीत माझ्याशी बोलणं वाढलं, डबा खायला बोलावू लागले. मी जायची नाही. मामांशी बोलणंही मीच कमी केलं. ते एखाद्या झाडाचा विषय काढत, मी उठून भांडी घासायला घेई. मग तेही गप्प झाले. चारसहा वाक्यांवर आम्ही पुन्हा आलो.

दुसऱ्या वर्षी चैत्रात कडुनिंबाला पालवी आली ती पूर्वेकडं. रस्त्याच्या बाजूच्या शेंड्याच्या फांद्या तशाच राहिल्या, काळ्या, काटक्यांसारख्या. मामा दुपारी "फिरून येतो" म्हणून जायचे. एकदा मी कामावरून परतताना पाहिलं. ते पहारीनं मुरुमात भोकं पाडत होते, चराच्या अलीकडं, बुंध्याच्या बाजूला. एकेका भोकात कुजलेलं शेणखत आणि तांब्यानं पाणी. शर्ट पाठीला चिकटला होता. मला पाहून थांबले.

"उन्हाळा हाय," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले, आणि पुढं निघून गेले.

*

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आवक-जावकच्या कारकुनानं माझ्या टेबलावर टपाल ठेवलं. त्यात एक अर्ज होता, रेघांच्या कागदावर. मी अक्षर आधी ओळखलं, नाव नंतर वाचलं.

मामांनी लिहिलं होतं, की विश्रामगृहाजवळील कडुनिंबाची पश्चिम अंगाची तीन मुळे बुंध्यापासून पाच फुटांवर संपली आहेत. त्या बाजूचा धर गेल्यामुळे झाड पूर्वेकडे मैदानावर पडण्याची भीती आहे, व मैदानात दर मंगळवारी बाजार भरतो. तरी वळवाची वादळे सुरू होण्याआधी पूर्वेकडच्या दोन जड फांद्या उतरवून झाडाचा तोल साधावा. बुंधा तोडू नये, झाड जगण्याजोगे आहे. आणि शेवटी: 'मुळे वयोमानाने गेली आहेत. नालीचे काम चालू असताना संबंधित मॅडमनी पूर्ण काळजी घेतली होती. याला मी स्वतः साक्षीदार आहे.'

खाली सही, रंगनाथ विठोबा फुलारी, निवृत्त माळी.

मी तो कागद घेऊन भर दुपारी घरी गेले. मामा ओट्यावर शेंगा निवडत बसले होते.

"अर्ज आला," मी म्हणाले.

"आला का? लवकर कर म्हणावं. वळीव आला की..."

"मामा, तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले.

"त्याच दिवशी. रिक्षातनं उतरलो तवा. तुझ्या पदराला निंबाच्या सालीचा वास येत होता. पानाचा न्हाई, मुळाचा. तो येगळा असतोय."

"आणि तुम्ही जवळजवळ दोन वर्षं..." मी अर्ज त्यांच्यापुढं धरला. "एकदा तरी बोलायचं. ओरडायचं माझ्यावर."

"कुणावर ओरडू?" मामा म्हणाले. "घरात आपण दोघंच. एकानं तोंड फिरवलं तर दुसऱ्यानं जायाचं कुठं?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. अविनाश गेला तेव्हाही मी त्यांच्यापुढं रडले नव्हते, त्यांना त्रास होईल म्हणून. त्या दिवशी रडले. मामा शेंगा निवडत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "केवढं होतं? मोठं मूळ?"

मी हातांनी दाखवलं.

"आवाज झाला आसंल."

"झाला."

"सांग," ते म्हणाले. "मी नव्हतो ना. सगळं सांग."

मी सांगितलं. यंत्र, कवडे, रस्त्यावरची माणसं, गल्लीतल्या बायका, मी उच्चारलेला एक शब्द. हणमंतूनं टोकं कापली हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. "त्यामुळं वाचलं. साफ कापलं की नवी फुटत्यात. दोन जागी फुटलीत, मी बघितलंय उकरून."

*

दुसऱ्या दिवशी मी अर्जावर टिपण लिहिलं. फांद्या उतरवण्याची शिफारस केली. त्याखाली लिहिलं, की मुळे वयोमानाने गेलेली नसून नालीच्या कामात माझ्या तोंडी आदेशाने यंत्राने तोडण्यात आली आहेत. कागद स्वतः मुख्याधिकाऱ्यांपुढं ठेवला. तोवर तिथले साहेब बदलले होते. त्यांनी दोनदा वाचलं.

"अहो, पण हे साक्षीदार तर म्हणतात की तुम्ही काळजी घेतली."

"ते त्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात होते, साहेब. डोळ्याच्या ऑपरेशनला."

"मग असं का लिहिलंय?"

"ते माझे सासरे आहेत."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे वाक्य खोडा, मॅडम. गरज काय? मी फांद्यांना मंजुरी देतो, विषय संपला."

"उद्या फांदी उतरवणारा विचारेल, तोल का गेला म्हणून. खरं कारण कागदावर असू दे. पुढं कुणी पुन्हा तिथं खोदायला आलं तर त्याला कळेल."

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, सेवापुस्तकात शेरा आला. 'झाड वाचवणाऱ्या मॅडम' पुन्हा अनुकंपावाल्या झाल्या, त्यात आता खोटारड्याही. डब्याचं बोलावणं थांबलं. कवडे दिसले की रस्ता बदलायचे.

फांद्या उतरवायला बुधवार ठरला, मैदान रिकामं असतं म्हणून. मामा सकाळपासून हजर. वर चढलेल्या माणसाला खालून ओरडून सांगत होते, फांदीच्या खालच्या अंगाला आधी करवत लाव, मग वरनं, न्हाईतर साल सोलत खाली येईल. दोर बांधून दोन्ही फांद्या हळूहळू खाली आल्या. झाड ओकंबोकं दिसू लागलं, दोन्ही अंगांनी.

घरी परतताना मी त्यांना नोटिशीचं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. मामा रस्त्यातच थांबले.

"म्हंजे मला खोटं पाडलंस?"

"हो."

"साक्षीदाराला?"

"पट्टी बांधलेल्या साक्षीदाराला, मामा."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू होतं की काय, मला कळलं नाही. आम्ही पुन्हा चालू लागलो.

"आता हापिसात कोण बोलंल तुझ्याशी?"

"कोणी नाही."

"हं," मामा म्हणाले. वळणावर काठीनं कुंपणापलीकडचं एक झाड दाखवून विचारलं, "हे वळखतीस का?"

मला ओळखता आलं नाही. घर येईपर्यंत ते मला त्या झाडाबद्दल सांगत राहिले.

त्या वर्षी वादळं झाली, दोन मोठी. कडुनिंब उभं राहिलं. मामा त्यानंतर सहा वर्षं होते. त्या सहा वर्षांत आम्ही पुष्कळ बोललो, बहुतेक झाडांबद्दलच.